मनुष्य मिसिंग

पोलीस ठाण्यात बेपत्ता माणसांची नोंद ज्या रजिस्टरात होते त्यावर ‘मनुष्य मिसिंग’ असं लिहिलेलं असतं. माझ्या वडिलांचं, आण्णांचं, नाव त्या रजिस्टरात १२ ऑक्टोबर २०१२ ला चढलं. ते गेले ९ तारखेला, मंगळवारी. मधल्या तीन दिवसांपासूनच सुरुवात करते, कारण त्या तीन दिवसांत जे हातचं गेलं ते पुढच्या बारा वर्षांत परत मिळालं नाही.

आण्णा साखर कारखान्याच्या शेती खात्यात क्लार्क होते. आमचं गाव कराड तालुक्यात, कृष्णाकाठी. गळीत हंगाम तोंडावर आला होता, ऊस नोंदीचे कागद जुळवायची घाई होती. सकाळी साडेसातला डबा घेऊन ते स्प्लेंडरवरून निघाले. अकराच्या सुमारास गट ऑफिसातून ‘जरा जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडले. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. चोपन्न वर्षांच्या माणसाला कोण विचारणार? संध्याकाळी ते आले नाहीत. फोन बंद.

रात्रभर माझा भाऊ आणि काका बॅटरी घेऊन नदीचा काठ, पाट, रानातल्या विहिरी बघत फिरले. दहा तारखेला सकाळी दोघं ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार म्हणाले, “चोवीस तास होऊ द्या. मोठा माणूस आहे, येईल रागरंग उतरल्यावर.” अकरा तारखेला गेले तर साहेब बंदोबस्तावर. बारा तारखेला मी कोल्हापुरातून, सासरहून आले आणि आईला घेऊन ठाण्यात बसले. उठायचंच नाही असं ठरवून बसले. दुपारी तीनला नोंद झाली.

चोवीस तास थांबायचा असा कुठलाही नियम नाही. तेव्हाही नव्हता. हे मला तेव्हा माहीत असतं तर भावाला पहिल्याच दिवशी तिथून हलू दिलं नसतं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एवढं करावं: तक्रार लेखी द्यावी, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि मिसिंगचा नंबर हातावर लिहून का होईना पण घेऊनच यावं. त्या नंबराशिवाय पुढे एकही दार उघडत नाही.

नोंद करताना हवालदारांनी वर्णन विचारलं. रंग सावळा, बांधा मध्यम, उंची पाच फूट पाच इंच, अंगात पांढरा शर्ट, राखाडी पँट, पायात चामडी चप्पल. ओळखीची खूण? मी अडखळले. आई पटकन म्हणाली, “उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. लहानपणी कुळवाखाली गेलं.” त्यानंतरचे प्रश्न मात्र असे की आईनं मान वर केली नाही. कर्ज होतं का. दारू पीत होते का. घरात भांडण झालं का. बाहेर काही होतं का. हे प्रश्न विचारणं तपासाचा भाग आहे, हे आता मला कळतं. पण ते अशा सुरात विचारले जातात की उत्तर काहीही आलं तरी निष्कर्ष एकच निघतो: माणूस आपल्या पायानं गेला.

कायद्याची गाठ इथेच आहे. सज्ञान माणूस घरातून निघून गेला तर तो गुन्हा ठरत नाही. गुन्हा नाही म्हणून एफआयआर नाही, आणि एफआयआर नाही म्हणून खऱ्या अर्थानं तपासही नाही. वायरलेसवर संदेश जातो, फोटो इतर ठाण्यांना पाठवतात, एवढंच. मुलांच्या बाबतीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की मूल बेपत्ता झालं तर अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असं गृहीत धरूनच गुन्हा नोंदवा. मोठ्या माणसासाठी असं गृहीत कुणी धरत नाही. त्याचं काही बरंवाईट झालंय हे घरच्यांनी आधी दाखवायचं, मग तपास. आणि दाखवायला लागणारं सगळं मात्र पोलिसांशिवाय मिळत नाही.

गाडी भावाला अकरा तारखेच्या संध्याकाळीच सापडली होती, रेल्वे स्टेशनबाहेर, लिंबाखाली लावलेली. हँडल लॉक केलेलं नव्हतं. आण्णा देवळापुढं दोन मिनिटं गाडी लावली तरी हँडल लॉक करून, मागं फिरून एकदा ओढून बघायचे. हुकाला डब्याची पिशवी तशीच लटकत होती. भावानं गाडी घरी आणली. काकांनी त्याला आणायला सांगितलं, चोरीला जाईल म्हणून.

डब्यात आईनं दोन भाकऱ्या आणि पावट्याची उसळ दिली होती. एक भाकरी शिल्लक होती, उसळ संपलेली होती, झाकण नीट बसवलेलं होतं. आण्णा ऑफिसात एकला जेवायचे, घड्याळ लावावं तसे. त्या दिवशी अकराला ते ऑफिसातून गेले तेव्हा डबा भरलेला होता, हे शेजारच्या टेबलावरच्यांनी सांगितलं. म्हणजे नंतर ते कुठंतरी बसले आणि जेवले. जीव द्यायला निघालेला माणूस डबा खाऊन झाकण लावतो का? आणि घर सोडून निघालेला माणूस उरलेली भाकरी गाडीलाच ठेवून जातो का? हे प्रश्न मी ठाण्यात बारा वेळा तरी मांडले असतील. हवालदार म्हणाले, “डबा आहे ना, आणा.” घरी येऊन बघते तर आईनं डबा घासून पालथा घातला होता. तीन दिवसांचं शिळं अन्न घरात कसं ठेवायचं, म्हणून. तिला दोष देण्याचा प्रश्नच नव्हता. गाडीवर कुणाच्या बोटांचे ठसे असतील, सीटवर काही असेल, तेही एव्हाना भावाच्या, काकांच्या, गावातल्या दहाजणांच्या हातांखाली गेलं होतं. गाडी जागेवर ठेवून पोलिसांना बोलवायचं, पंचनामा करायला लावायचा, हे आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. सुचणार कुठून?

रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाला कॅमेरा होता. आम्ही चौकशी केली तेव्हा पंधरा दिवसांवरचं पुसलं जातं असं कळलं. त्या दिवशी चौदावा दिवस होता. मालक भला माणूस, तो म्हणाला पोलिसांचं पत्र आणा, लगेच देतो. पत्र मिळालं सतराव्या दिवशी.

मोबाइलचा सीडीआर, म्हणजे कुणाचे फोन आले-गेले आणि कुठल्या टॉवरखाली, तो जिल्ह्याच्या एसपी ऑफिसमार्फत मागवावा लागतो. त्यासाठी मी दर सोमवारी कोल्हापूरहून साताऱ्याला जात होते. पोटात सहावा महिना होता. जानेवारीत सीडीआर आला. ९ तारखेला दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी शेवटचा फोन, दोन मिनिटांचा, बाहेरून आलेला. नंबर निघाला शेजारच्या तालुक्यातल्या एसटी स्टँडवरच्या कॉइन बॉक्सचा. तिथल्या टपरीवाल्याला तीन महिन्यांपूर्वी दुपारी कुणी एक रुपया टाकला ते कसं आठवणार? फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, खोक्यावर होता, मी तो तीनदा लिहून दिला. फोन परत कुठे चालू झाला का, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. मोबाइल कंपन्यांना हा तपशील तेव्हा किमान एक वर्षच जपून ठेवायचं बंधन होतं. डिसेंबर २०२१ मध्ये ते दोन वर्षांवर नेलं. आमच्या बाबतीत मात्र २०१३ चा ऑक्टोबर उजाडला आणि ते दारही बंद झालं.

गावात एकाशी आमचा बांधावरून वाद होता. आई त्याचं नाव घ्यायची, काका त्याचं नाव घ्यायचे, लेखी अर्जातही आम्ही ते दिलं. त्याला एकदा बोलावून जबाब घेतला, तेवढंच. मी ते नाव इथे लिहिणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय एखाद्याच्या दारावर खून चिकटवणं काय असतं तेही मी गावात राहून बघितलंय. वाईट याचं वाटतं की तो गुन्हेगार असेल तर सुटला, आणि नसेल तर बारा वर्षं लोकांच्या नजरा झेलत राहिला. तपास झाला असता तर दोघांपैकी एक तरी गोष्ट संपली असती.

लोकांनी आण्णांना खूप ठिकाणी बघितलं. गाणगापुरात पादुकांपुढे बसलेले, नृसिंहवाडीच्या घाटावर, वारीत एका दिंडीमागून चालताना, दाढी वाढलेली. दर वेळी भाऊ गेला. सोलापूरहून एकानं फोन करून पाच हजार मागितले, ते आम्ही पाठवले. देवऋषानं उत्तर दिशा सांगितली.

आणि शवागारं. त्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

अनोळखी मृतदेह सापडला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, त्याला बोलीत ‘एडी’ म्हणतात. मग इन्क्वेस्ट पंचनामा, मग पोस्टमार्टेम. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात, कपडे, अंगावरच्या वस्तू सीलबंद करतात, फोटो काढतात. काही दिवस वाट बघतात आणि कुणी आलं नाही तर अंत्यविधी उरकतात. बहुतेक ठिकाणी दफन करतात, पुढे गरज पडली तर काढता यावं म्हणून. म्हणजे वर्तमानपत्रात ‘अनोळखी मृतदेह आढळला’ ही चार ओळींची बातमी दिसल्यापासून तुमच्या हातात मोजके दिवस असतात. मी रोज तीन पेपर घ्यायचे. सातारा, सांगली, पुणे आवृत्त्या. बाळ मांडीवर आणि कात्री हातात.

पहिल्यांदा गेले तेव्हा सिव्हिलच्या माणसानं चादर डोक्याकडून सारली. पाण्यातला देह होता, चेहरा असा काही उरलाच नव्हता. मी बाहेर येऊन ओकले आणि ‘हे नाहीत’ म्हणाले, पण खरं सांगायचं तर मी बघितलंच नव्हतं. रात्रभर तळमळले, दुसऱ्या दिवशी परत गेले आणि म्हणाले, “पायाकडून दाखवा.” उजव्या पायाचा अंगठा. नख होतं. तेव्हापासून मी पायाकडूनच बघत आले. एकूण अकरा वेळा. अकरा माणसांचे पाय मी बघितले, आणि त्यातल्या नऊजणांना शेवटपर्यंत कुणीच न्यायला आलं नाही, हे मी नंतर फोन करून विचारलंय. एकाच्या टाचेला मेंदीचा डाग होता. घरात नुकतं लग्न झालं असणार. त्या घरचे कुठल्या ठाण्याच्या बाकावर बसले असतील तेव्हा?

लोहमार्ग पोलिसांकडे एक जाडजूड अल्बम असतो. रुळांवर सापडलेल्या, ओळख न पटलेल्या माणसांचे फोटो. आण्णांची गाडी स्टेशनबाहेर सापडली होती म्हणून आम्ही पुणे-मिरज मार्गावर ठिकठिकाणी चौकशा केल्या. तिथले एक हवालदार, निवृत्तीला आलेले, मला पान उलटू द्यायचे नाहीत. ते स्वतः आधी बघायचे, हातानं वरचा भाग झाकायचे, आणि मग म्हणायचे, “ताई, कपडे बघा फक्त.” त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. ठाण्यांच्या हद्दी जिल्ह्याच्या सीमेवर संपतात आणि नदी, रेल्वे सीमा पाळत नाहीत. कराडला पाण्यात पडलेलं सांगलीच्या बंधाऱ्याला अडकतं, कर्नाटकातही जातं. मिसिंग एका ठाण्यात, एडी दुसऱ्या ठाण्यात. दोन्ही कागद खरे, दोन्ही माणूस एकच, आणि ते कागद समोरासमोर येण्याची खात्री नाही.

म्हणून २०१५ मध्ये मी डीएनएसाठी अर्ज केला. माझं आणि भावाचं रक्त सरकारी दवाखान्यात, पंचांसमोर, फोटो चिकटवलेल्या ओळखपत्रकावर सह्या घेऊन काढलं. मला वाटलं होतं की आता आमचं रक्त राज्यभरातल्या अनोळखी मृतांशी ताडून बघतील. तसं होत नसतं. एखादा ठराविक मृतदेह समोर आला आणि पोलिसांनी मागणी केली तरच लॅब त्याच्याशी जुळवते. बेपत्ता माणसांच्या नातलगांचे नमुने एकीकडे, अनोळखी मृतांचे एकीकडे, आणि दोन्ही आपोआप ताडून बघणारी देशाची यादी, असं काही आपल्याकडे नाही. त्यासाठीचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, त्यात बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृतांसाठी वेगळे कप्पे सुचवले होते. खासगीपणाच्या मुद्द्यावर त्याला विरोध झाला. जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतलं. विरोधाची कारणं मी वाचली आहेत, ती हलकी नाहीत. पण त्या जागी दुसरं काही आलं नाही, आणि माझ्यासारखी हजारो घरं अजूनही पेपरची कात्रणं कापतायत.

इकडे घरात वेगळंच चाललं होतं. माणूस मेला की कागद हलतात. बेपत्ता झाला की सगळे कागद जागच्या जागी गोठतात. विकास सोसायटीचं पीककर्ज आण्णांच्या सहीनं, नवंजुनं करायला त्यांची सही हवी. बँकेतलं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर. पगार थांबला. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची तर तलाठी म्हणणार मृत्यूचा दाखला आणा, आणि दाखला मागायला गेलं तर ग्रामसेवक म्हणणार मयत दाखवा. आईला विधवांची पेन्शन नाही, कारण ती विधवा नाही.

विम्याचे हप्ते तर आम्ही बंदच करणार होतो. पैसे कुठे होते? तालुक्याच्या गावच्या वकील साहेबांनी अडवलं. म्हणाले, “काहीही विका, पण हप्ता चुकवू नका.” सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल आहे. सात वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर तो मेला असं न्यायालय मानतं, पण नेमका कधी मेला हे मानत नाही. म्हणजे ‘तो गेला त्याच दिवशी मेला, मग पुढचे हप्ते कशाला’ असं तुम्हाला म्हणता येत नाही. मधल्या काळात हप्ते थकले तर पॉलिसी बंद पडलेली. आईनं दोन म्हशींच्या दुधावर सात वर्षं हप्ते भरले. जिवंत माणसासाठी भरतात तसे, दर तिमाहीला, पावती देव्हाऱ्याखालच्या डब्यात.

पुराव्याच्या जुन्या कायद्यात हे कलम १०८ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ झालं आहे. त्याचे शब्द मला पाठ झालेत. माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, अशांना सात वर्षं त्याची काहीच खबर नसेल, तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की बायको, मुलगी, मुलगा, तिघांनी वादी म्हणून न्यायालयात जायचं आणि मागायचं की आमच्या माणसाला मयत घोषित करा.

ऑक्टोबर २०१९ ला सात वर्षं भरली. सरकारला प्रतिवादी करायचं तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये दावा दाखल केला. वादी आई, मी, भाऊ. प्रतिवादी महाराष्ट्र शासन, आणि आण्णांचे भाऊ-बहीण, म्हणजे आमचे काका आणि आत्या. काकांना स्वतःच्या भावाच्या दाव्यात ‘प्रतिवादी’ म्हणून समन्स आलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. वकिलांनी समजावलं, ही रीत आहे. दाव्यासोबत आम्ही सगळं लावलं: मिसिंगची प्रत, पेपरातल्या जाहिराती, एसपी ऑफिसच्या पोचा, शवागाराच्या चिठ्ठ्या. वकील म्हणाले, एवढी कागदं बहुतेकांकडे नसतात. पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागला आणि दावा दीड वर्ष तारखांवर गेला.

आईची साक्ष २०२१ च्या डिसेंबरात झाली. सरतपासणीचं शपथपत्र आधीच दिलं होतं. सरकारी वकील उलटतपासाला उठले. तरुण होते, बोलणं सौम्य होतं, त्यांचं काम ते करत होते. कोर्टात प्रतिपक्ष आपलं म्हणणं साक्षीदारापुढे ठेवतो आणि साक्षीदार ते खरं की खोटं सांगतो. त्यांनी विचारलं, “तुमचे पती आजही हयात आहेत, असं म्हटलं तर?”

आई गप्प झाली. पिंजऱ्याच्या कठड्याला धरलेला तिचा हात मला बाकावरून दिसत होता, हिरव्या बांगड्या मनगटाकडे घसरलेल्या. न्यायाधीश म्हणाल्या, “बाई, खरं की खोटं तेवढं सांगा.” आईनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. बराच वेळ गेला. शेवटी ती म्हणाली, “खरं नाही.”

टंकलेखकानं नेहमीच्या नमुन्यात ते घेतलं. छापून आलेला कागद मी वाचला. ‘हे म्हणणे खरे नाही की, माझे पती हयात आहेत.’ खाली आईची सही. नऊ वर्षं ज्या वाक्यावर ती उठली-बसली ते तिच्या सहीनं खोटं ठरलं होतं. घरी येताना एसटीत ती एवढंच म्हणाली, “कागदासाठी म्हणलं मी.” आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

जुलै २०२२ मध्ये निकाल लागला. मृत्यूची तारीख म्हणून दावा दाखल केल्याचा दिवस धरला गेला, कारण पुराव्याशिवाय कायद्याला त्याआधीची तारीख ठरवता येत नाही. त्या दिवशी काय केलं होतं ते मला नीट आठवतं. स्टॅम्प घेतले, सह्या केल्या, स्टँडवर तिघांनी एकेक प्लेट मिसळ खाल्ली आणि चारच्या गाडीनं घरी आलो. दाखल्यावर आण्णा त्या दिवशी वारले आहेत.

पुढचं भराभर झालं. वारस नोंद, फेरफार, विमा, सोसायटीचा हिशोब. दहा वर्षं अडलेली कामं चार महिन्यांत मार्गी लागली.

भावकीतल्या बायका आईच्या कपाळाकडे बघायला लागल्या. तिनं कुंकू पुसलं नाही. कुणी विचारलं तर ती काही बोलायची नाही. श्राद्धाचा प्रश्न निघाला. आण्णा गेले ते पितृपंधरवड्यात, पण गेले म्हणजे कुठल्या अर्थानं गेले? गुरुजी म्हणाले, तिथी माहीत नसेल तर सर्वपित्रीला करा. पण आधी पालाशविधी करावा लागेल, आणि तो बारा वर्षं वाट बघून. पळसाच्या तीनशे साठ देठांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा. कायद्यानं सात वर्षं सांगितली, शास्त्रानं बारा. आईला शास्त्राचं बरं वाटलं, कारण आणखी पाच वर्षं मिळाली. कोर्टाचा निकाल हातात असतानाही ती ती वर्षं मोजत राहिली. २०२४ च्या सर्वपित्रीला बारा पूर्ण होत आली, भावानं विषय काढला, तर म्हणाली, “काड्या कसल्या जाळता. पुढच्या साली बघू.”

या सगळ्या काळात मी एक प्रकरण लांबून पाहत होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच अश्विनी बिद्रे. स्वतः पोलीस अधिकारी. एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून बेपत्ता झाल्या. घरच्यांनी हायकोर्टापर्यंत धाव घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये अटक झाली ती खात्यातल्याच एका वरिष्ठ निरीक्षकाला. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयानं त्याला खुनासाठी जन्मठेप दिली. त्यांचा देह मिळालाच नाही. निकालाच्या दिवशी मी टीव्हीपुढून हलले नाही. देह नसतानाही खून सिद्ध होतो, हे त्या निकालानं माझ्यासमोर ठेवलं. फोनचे तपशील, टॉवर, माणसांचे जबाब, हे वेळेत आणि चिकाटीनं जुळवलं तर होतं. आणि तिथेही, खात्यातल्याच बाईसाठी, घरच्यांना नऊ वर्षं उभं राहावं लागलं. आमचा कॉइन बॉक्सचा फोन, उघडं हँडल, अर्धा डबा माझ्या डोळ्यांपुढं आला. त्या दिवशी मी ठरवलं की ठाण्यात परत जायचं.

मे महिन्यात गेले. ठाण्याची नवी इमारत झालीय, कॉम्प्युटर आलेत. मिसिंगच्या टेबलावर एक तरुण महिला हवालदार होत्या. मी मृत्यूचा दाखला आणि डिक्रीची प्रत पुढे ठेवली. मला वाटलं त्या म्हणतील, मग आता काय राहिलं. त्यांनी जुनं रजिस्टर मागच्या खोलीतून आणवलं, धूळ झटकली, नंबरावरून पान काढलं. आण्णांचा पासपोर्ट फोटो पिनेला गंज धरून तसाच होता.

“यानं आमचं पान बंद होत नाही ताई,” त्या म्हणाल्या. “मिळून आले किंवा मयत मिळाले, तरच आम्ही काढतो. कोर्टाचा कागद वेगळा.”

मी म्हणाले, बंद करू नका, तेच सांगायला आलेय. कॉइन बॉक्सच्या फोनबद्दल मी परत एक लेखी अर्ज दिला, रक्ताचे नमुने कुठल्या सालचे तेही लिहिलं. त्यांनी पोच दिली. मग पानाच्या तळाशी बोट ठेवून विचारलं, हा संपर्क क्रमांक चालू आहे का. तो माझा २०१२ चा नंबर होता, सिम कधीच बदललेलं. मधल्या वर्षांत त्या नंबरावर कुणी फोन केला असेल का, हा विचार तिथेच मनात आला आणि घशात काहीतरी अडकलं. त्यांनी जुना नंबर लाल शाईनं खोडला आणि वर नवा लिहिला. मी रजिस्टर माझ्याकडे वळवून घेतलं आणि एकेक आकडा बोट लावून दोनदा वाचला.